सेकंदकाटा नसलेलं घड्याळ

दुपारी तीनच्या सुमाराला, दुकानात चिटपाखरूही नसताना, पांढऱ्या कोटातल्या एक बाई आत आल्या. खांद्यावरची जड पिशवी त्यांनी खाली ठेवली, गॉजच्या कापडात गुंडाळलेली एक वस्तू काउंटरवर सोडली आणि काचेखालच्या एका स्टीलच्या घड्याळावर बोट टेकवलं.

"हे घ्या आणि ते द्या," त्या म्हणाल्या. "ते लाल सेकंदकाट्याचं."

दुकान जुनी घड्याळं घेण्या-विकण्याचं होतं. मालकांना सगळे भिंगवाले म्हणत. त्यांचं भिंग कधी डोळ्यावर असे, कधी कपाळावर, पण डोक्यावरून उतरत नसे. एकदा ते तसेच डोळे तपासून घ्यायला गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "आधी तुम्हीच मला तपासा." दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना चौकशीचा नाद होता. गिऱ्हाइकाने घड्याळ विकायला काढलं की ते कुणी दिलं, कधी दिलं, आता का विकताय, हे सगळं कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. बायको गल्ल्यावर बसायची. ती म्हणायची, "आमच्याकडे घड्याळाची किंमत कमी लागते, उत्तरंच जास्त द्यावी लागतात."

भिंगवाल्यांनी गॉज उलगडलं आणि कपाळावरचं भिंग आपोआप डोळ्यावर आलं.

सोन्याचं घड्याळ होतं. दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढंच जाड. पांढरी तबकडी, दोनच बारीक काटे, चावी देऊन चालणारं. असं घड्याळ त्यांच्या दुकानात बारा वर्षांत आलं नव्हतं.

"बाई, हे काय आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"घड्याळ आहे."

"अहो, याच्या किमतीत एखादी मोटार येईल!"

"येईल. पण सेकंदकाटा आहे का त्याला?"

"नाही, या प्रकाराला तो नसतोच. ते शोभेचं..."

"मग मला काय उपयोग?" बाई म्हणाल्या. "मी नर्स आहे. घरोघर जाऊन पेशंट बघते. नाडी मोजायची तर एका हातात पेशंटचं मनगट आणि डोळा सेकंदकाट्यावर. या घड्याळात मी बघू काय? आपलं तोंड?"

भिंगवाल्यांची बायको गल्ल्यावरून फिसकन हसली. भिंगवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी घड्याळ उलटं केलं होतं. मागच्या झाकणावर बारीक अक्षरं कोरलेली होती: *एक सेकंदही न चुकणाऱ्या पंचांस, संघटनेकडून सप्रेम.*

आता एक सोडून तीन प्रश्न उभे राहिले. ज्या माणसाची एवढी स्तुती सेकंदांवरून, त्याला सेकंदकाटा नसलेलं घड्याळ कुणी दिलं? दुसरं, घड्याळ जुनं होतं, पण पट्ट्याला एकाही भोकापाशी घडी नव्हती. ते मनगटावर कधी चढलंच नव्हतं. आणि तिसरा प्रश्न तोंडाने विचारण्यासारखा नव्हता.

बायकोने तो डोळ्यांनी विचारला.

"सिस्टर," भिंगवाले चाचरत म्हणाले, "हे आलं कुठून तुमच्याकडे?"

"पेशंटने दिलं."

"काही चिठ्ठी, पावती? रागावू नका, पण यावर दुसऱ्याचं..."

"म्हणजे मी ढापलं, असं वाटतंय तुम्हाला." सिस्टर रागावल्या नाहीत. एवढ्या घरांचे जिने चढून त्यांचा राग बहुधा वाटेतच कुठे तरी सांडत असावा. "बरोबर आहे. मलाही तसंच वाटलं असतं. चला मग माझ्याबरोबर. चार वाजता त्यांच्याकडेच जायचंय. तुम्हीच विचारा."

भिंगवाल्यांनी बायकोकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "नाही गेलात तर आठवडाभर मलाच विचारत बसाल."

वाटेत सिस्टरनी सगळं सांगितलं. पेशंट म्हणजे सत्तरी उलटलेले एक गृहस्थ. एके काळी फुटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे, म्हणून अजूनही सगळे त्यांना पंचच म्हणतात. हृदयाचं दुखणं झालं, तेव्हापासून सिस्टर आठवड्यातून तीनदा नाडी आणि रक्तदाब बघायला जातात. लेक आणि ते, दोघंच घरात. दोन आठवड्यांपूर्वी सिस्टरनी हात धुताना घड्याळ काढून बेसिनच्या कडेला ठेवलं. कुठल्या घरी ते आठवत नव्हतं, कारण त्या दिवशी सात घरं झाली होती. घड्याळ गेलं ते गेलं. पंचांच्या कानावर घातलं, तर पुढच्या खेपेला त्यांनी कपाटातून हे सोन्याचं काढून हातात दिलं. "राहू द्या तुम्हाला," म्हणाले. नको म्हटलं तर चिडले, नाडी शंभरावर गेली. म्हणून घेतलं.

"आणि मोबाइलवर नाही का मोजता येत?"

"हातमोजे घालून? पिशवीतून काढा, पुसा, ठेवा, परत धुवा," सिस्टर म्हणाल्या. "दोन आठवडे लोकांच्या भिंतींवरची घड्याळं बघत मोजतेय. अर्ध्या घरांत ती बंदच असतात. आणि या काकांचं तर वेगळंच कोडं आहे. हल्ली बाकी दिवशी नाडी सरळ, पण बुधवार आणि शनिवार आला की धावते. गोळ्या त्याच, खाणं तेच. डॉक्टरही डोकं खाजवतायत."

त्या दिवशी बुधवार होता.

घर दुसऱ्या मजल्यावर, एका मैदानाला लागून होतं. मैदानावर मुलींचे दोन संघ खेळत होते. जिन्यातही त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. दार लेकीने उघडलं. चाळिशीची, केसांत पेन्सिल खोचलेली. ती घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची. तिने दोघांना आत नेलं.

पंच खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगाने वाळलेले, पण पाठ ताठ. भिंगवाल्यांनी नमस्कार केला आणि सोन्याचं घड्याळ पुढे धरलं.

"हे तुमचंच ना?"

"होतं. आता सिस्टरचं आहे," पंच म्हणाले. "मी राजीखुशीने दिलंय. लिहून हवं असेल तर देतो. झालं?"

झालं होतं. एवढ्यावर कुणीही उठलं असतं. पण भिंगवाले उठले नाहीत. ते मान तिरकी करून काहीतरी ऐकत होते. खिडकीतून मैदानाचा गलका येत होता, पण त्याच्या खाली, अगदी जवळ, आणखी एक आवाज होता. तीस वर्षं घड्याळांच्या गराड्यात काढलेल्या माणसाच्या कानाला तो चुकणं शक्य नव्हतं. त्यांनी भिंतींकडे पाहिलं. भिंती मोकळ्या होत्या.

"या खोलीत घड्याळ कुठंय हो?"

"नाही. इथे घड्याळ नाही," लेक म्हणाली. "बाबांना आवडत नाही."

"मग हे टिकटिकतंय काय?"

पंचांचा हात हळूच बाजूच्या टेबलाकडे गेला आणि तिथल्या पत्र्याच्या चष्म्याच्या डबीवर जाऊन बसला. हात वर पडल्यावर आवाज दबला, आणि तिथेच सगळं उघड झालं.

"काका," सिस्टर म्हणाल्या, "डबी उघडा."

डबीत सिस्टरचं घड्याळ होतं. प्लॅस्टिकच्या पट्ट्याचं, काचेवर चरे पडलेलं, मोठ्या आकड्यांचं, आणि त्याचा सेकंदकाटा टक टक पुढे जात होता.

"बाबा!" लेक ओरडली. "तुम्ही चोरी केलीत?"

"केली," पंच म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बेसिनवर दिसलं आणि उचललं. दोन दिवस झोप लागली नाही. परत द्यायला तोंड नव्हतं, म्हणून त्याच्या जागी घरातली सगळ्यात भारी वस्तू दिली. मला वाटलं, फिटलं."

"अहो बाबा, पण मागितलं असतं तर मी आणून दिलं नसतं का?"

"काय सांगून मागणार? घरात सोन्याचं पडलेलं असताना मला प्लॅस्टिकचं हवंय, असं? तू कारण विचारलं असतंस."

"मी विचारतो," भिंगवाले म्हणाले. त्यांना राहवलंच नाही. "कारण काय?"

पंचांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा मैदानाकडे. मग थांबत थांबत सांगू लागले.

एकतीस वर्षांपूर्वी अंतिम सामना होता. स्टेडियम भरलेलं. शेवट जवळ आलेला असताना त्यांनी मनगटाकडे पाहिलं. थोड्या वेळाने परत पाहिलं, तर काटे तिथेच. घड्याळ थांबलं होतं. कधी थांबलं, किती वेळ गेला, काही कळेना. रेषेवरच्या दोन साथीदारांपाशी घड्याळं होती. त्यांच्याकडे धावत जाऊन विचारायला हवं होतं, पण पन्नास हजार लोकांसमोर पंचाने वेळ विचारायची, याची लाज वाटली. मनाशी म्हटलं, अजून सहा मिनिटं असतील. आणि ती सहा मिनिटं त्यांनी निव्वळ अंदाजाने खेळवली. शिट्टी वाजवली, तेव्हा एका गोलने मागे असलेल्या संघाचा खेळाडू गोलच्या तोंडाशी होता, चेंडू त्याच्या पायात.

"कुणालाच कळलं नाही?" सिस्टरनी विचारलं.

"उलट! सगळीकडे कौतुक. काय ठाम पंच, म्हणे, सेकंदाचा पक्का. तीन महिन्यांनी सत्कार करून हे सोन्याचं दिलं. मी परत कधी शिट्टी हातात धरली नाही. लोक म्हणाले, नाव शिखरावर असताना सोडलं."

"आणि हे कपाटात," भिंगवाले म्हणाले. घडी न पडलेला पट्टा त्यांना आता कळला.

"हो. या खुर्चीत बसायची पाळी आली तेव्हा मनात आलं, आपला सहा मिनिटांचा अंदाज चुकतो तरी किती, ते एकदा बघावं. पण नुसत्या शांततेत जमत नाही, मॅचचा गलका लागतो. म्हणून बुधवारी आणि शनिवारी, खाली मुली खेळत असतात तेव्हा. डोळे मिटतो, सहा मिनिटं झाली असं वाटलं की उघडतो. फोनमधले आकडे मला दिसत नाहीत. काटाच लागतो."

"म्हणून नाडी धावते!" सिस्टरनी कपाळावर हात मारला. "आणि आम्ही गोळ्या बदलायला निघालो होतो!"

लेक खाली बसली होती. तिला हे सगळं आजच कळत होतं. त्या सामन्याच्या वेळी ती शाळेत होती, आणि बाप मैदान का सोडतोय, हे तिने तेव्हा खूपदा विचारलं होतं.

"मग किती चुकतो?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"कधी चाळीस सेकंद आधी, कधी वीस नंतर. तेवढ्यात गोल होतो."

भिंगवाल्यांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी पंचांकडे. कुणी कुणाला काही सुचवलं नाही, पण भिंगवाल्यांनी प्लॅस्टिकचं घड्याळ उचललं आणि सिस्टरनी पंचांचं मनगट हातात घेतलं. "बघूच या," त्या म्हणाल्या. "पण नाडी एकशे दहावर गेली तर मी शिट्टी वाजवणार."

पंचांनी डोळे मिटले. खाली कुणीतरी "पास दे ना, बावळट!" म्हणून ओरडत होतं. भिंगवाल्यांनी आयुष्यात हजारो घड्याळं लावून दिली होती, पण सहा मिनिटं एवढी लांब असतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. एका ठिकाणी पंचांच्या पापण्या थरथरल्या, पण उघडल्या नाहीत. शेवटी त्यांनी डोळे उघडले.

"पाच मिनिटं एकोणपन्नास," भिंगवाले म्हणाले.

"नाडी एकशे चार," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे अकरा सेकंद आधी," पंच पुटपुटले. "आजच्या दिवशी. त्या दिवशी किती, ते कोण सांगणार?"

ते कुणीच सांगू शकत नव्हतं. पण भिंगवाल्यांचा किडा अजून वळवळत होता. "ते थांबलेलं घड्याळ आहे का?"

लेकीने आतल्या खोलीतून एक रुमाल आणला. आत चावीचं जुनं स्टीलचं घड्याळ होतं. त्या संध्याकाळनंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. काटे पाच वाजून एकवीस मिनिटांवर होते.

"हे का थांबलं, ते बघून सांगू?"

पंचांनी ते रुमालासकट त्यांच्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगवाल्यांनी झाकण उघडलं. तेल वाळून चिकट झालं होतं, ते तर होणारच. पण आत एक दात तुटलेला नव्हता, एक कण अडकलेला नव्हता. स्प्रिंग शाबूत होती आणि पूर्ण सैल होती. तिथे त्यांचा हात थांबला. घड्याळ मधेच बिघडून बंद पडलं, तर स्प्रिंगमध्ये ताण उरतो. हात लावला नाही तर वर्षानुवर्षं उरतो. इथे ताण नावालाही नव्हता. घड्याळ बिघडलंच नव्हतं. त्याची चावी संपली होती.

"द्यायला विसरले," बायको त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाली.

"हो. आता हे सांगू कसं? घड्याळ बिघडलं म्हणजे नशीब. चावी दिली नाही म्हणजे..."

"त्यांनी विचारलं नाही तर सांगू नका. विचारलं तर खोटं बोलू नका," बायको म्हणाली. "आणि विचारणार आहेतच. तुमच्यासारखेच आहेत ते."

पंचांनी दार उघडल्याबरोबर विचारलं. भिंगवाल्यांनी साफ केलेलं घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते चालू होतं. "काहीही बिघडलेलं नव्हतं," ते म्हणाले. "चावी दिलेली नव्हती. बहुतेक दोन दिवस."

पंच घड्याळाकडे बघत राहिले. भिंगवाल्यांना वाटलं, आता सिस्टरना बोलवावं लागतंय. पण पंचांचे खांदे हळूहळू खाली आले.

"एकतीस वर्षं मी त्या घड्याळाला शिव्या देतोय," ते म्हणाले. "बिचारं. चूक माझीच होती की! बरं झालं. निदान कुणाला कार्ड दाखवायचं, ते तरी ठरलं."

त्याच दिवशी त्यांनी सोन्याच्या घड्याळाचा निकाल लावायला घेतला. सिस्टर ते घेईनात. त्यांना त्यांचं प्लॅस्टिकचं परत मिळालं होतं आणि त्यात त्या खूश होत्या. पंचांना ते घरात नको होतं. "याच्या बदल्यात काय देता?" त्यांनी भिंगवाल्यांना विचारलं. "रोकडा नको. सेकंदकाटा असलेलं काहीतरी द्या."

भिंगवाल्यांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. "केवढं मोठं चालेल?"

सोन्याचं घड्याळ विकायला सात आठवडे लागले. झाकणावरची अक्षरं घासून काढा, असं पंचांनी निक्षून सांगितलं होतं, त्यामुळे ते आणखी बारीक झालं. एका दंतवैद्याने ते घेतलं, आणि भिंगवाल्यांनी त्यालाही अर्धा तास बसवून का घेताय ते विचारलंच. आलेल्या पैशांतून मैदानाच्या भिंतीवर एक मोठं गोल घड्याळ लागलं, पाऊस-उन्हात टिकणारं, हाताएवढ्या लांब सेकंदकाट्याचं. कुठूनही दिसणारं. पैसे उरले, त्यातून मुलींना नव्या जाळ्या आल्या, आणि एक लाल सेकंदकाट्याचं घड्याळ सिस्टरच्या पिशवीत गेलं. "जास्तीचं असू द्या," पंच म्हणाले. "लोक चोर असतात."

एक काम उरलं होतं, आणि त्यासाठी पंचांनी महिनाभर धीर गोळा केला. त्या सामन्यात हरलेल्या संघाचा कप्तान आता टायरचं दुकान चालवत होता. लेकीने त्याचा नंबर शोधून काढला. एका शनिवारी तो आला. साठीचा, टकलू, दारातून जेमतेम मावणारा. भिंगवाल्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मैदानावरचं घड्याळ बघायला म्हणून आले होते आणि सहज वर डोकावले होते.

पंच उभे राहिले आणि सगळं एका दमात बोलून मोकळे झाले. घड्याळ, चावी, सहा मिनिटं, अंदाज.

कप्तान डोळे बारीक करून ऐकत होता. "आधी वाजवलीत म्हणता शिट्टी?"

"आधी असेल. तुमचा माणूस गोलसमोर होता."

"अहो, छट! तुम्ही दोन मिनिटं जास्त खेळवलंत आम्हाला! माझ्या पोटरीत गोळा आला होता. मी तुम्हाला मनातल्या मनात लाखोली वाहत होतो, की हा बाबा आज संपवतो की नाही."

"दोन मिनिटं?" पंचांचा आवाज चढला. "शक्यच नाही! चेंडू उजवीकडून आला होता, कॉर्नरनंतर..."

"डावीकडून!"

"उजवीकडून! मी उभा होतो तिथे!"

"मी पण तिथेच होतो की! थांबा, दाखवतो."

कप्तानाने टेबलावरचा रिकामा कप उचलून मध्यभागी ठेवला. हा मी. बशी म्हणजे गोल. पंचांनी साखरेचं भांडं ओढून स्वतःला उभं केलं, लेकीची पेन्सिल घेऊन तिच्याच एका नकाशाच्या पाठीवर रेषा आखल्या आणि भिंगवाल्यांच्या हातातला कप काढून घेऊन डाव्या बगलेला लावला. सिस्टर आल्या, त्यांना कुणी बघितलं नाही. त्या भिंतीला टेकून ऐकत राहिल्या आणि थोड्या वेळाने विचारू लागल्या, की मग हा चमचा कुणाच्या बाजूचा?

लेक तिसऱ्यांदा चहा घेऊन आली, तेव्हा ट्रे ठेवायला जागा नव्हती. घरातले सगळे कप मैदानात उतरले होते.